खतावणी, उतारा आणि मृत्युपत्र
लहान व्यापाऱ्यांच्या घरी नित्य उद्भवणाऱ्या काही कायदेशीर अडचणींविषयी

स्मरणिकेकरिता लेख द्यावा अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा एखाद्या तीर्थक्षेत्राच्या यात्रेचे वर्णन लिहून मोकळे व्हावे असा मोह आम्हास झाला होता. परंतु वीर निर्वाण संवत् २५५१ चे चोपडापूजन, म्हणजे २०२४ सालची दिवाळी, आटोपल्यावर एक वयोवृद्ध बंधू आमचेकडे आले, आणि त्यांची हकीकत ऐकल्यापासून यात्रावर्णन लिहिण्यास आमचा हात वळेना. दांडेलीहून अंबिकानगराकडे जाणाऱ्या वाटेवर, जोयडे तालुक्यात, कुळगी हे रानातले गाव आहे. त्या वाटेवर या गृहस्थांचे किराणा-भुसाराचे लहानसे दुकान, दुकानामागे राहते घर. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. पण त्यांच्याच जागी आपल्यापैकी कित्येकांनी आपले नाव घालून पाहावे, इतकी ही हकीकत सामान्य आहे.

लाल कापडी बांधणीचे चोपडे काखेत घेऊन ते आले होते. एका कंत्राटदाराच्या मजुरांना त्यांनी वर्षानुवर्षे उधारीवर माल पुरविला होता. शेवटचा माल २०१९ च्या जून महिन्यात गेला. येणे बाकी सुमारे ८०,००० रुपये. आम्ही पान उघडून विचारले, "अण्णा, या पानावर त्याची सही कोठे आहे?" ते हसून म्हणाले, "साहेब, सही कशाला? वीस वर्षांचा व्यवहार. माझे अक्षर त्याला ठाऊक, त्याचा शब्द मला ठाऊक."

हा विश्वास आपल्या व्यापाराचे भूषण आहे यात शंका नाही. मात्र न्यायालयाच्या पायरीवर त्याची किंमत किती होते, हे आपल्या बंधूंना फारसे माहीत नसते. नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंद पुराव्यात घेता येते, परंतु केवळ त्या नोंदीवरून कोणास देणेदार ठरविता येत नाही, असा दंडक १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ मध्ये होता. तो कायदा १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याचे जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. तेथेही कलम २८ मध्ये तोच दंडक कायम असून संगणकातील हिशेबासही तो लागू आहे. वहीसोबत माल पोचल्याची चिठ्ठी, घेणाऱ्याची सही, निदान माल नेणाऱ्या गाडीवानाची साक्ष, असे काहीतरी जोडावे लागते. शिवाय वही ही वहीच असली पाहिजे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ज्या हवाला प्रकरणात हा विषय सविस्तर उलगडला (त्या प्रकरणास आपल्या समाजाचेच नाव चिकटून बसले, हा दैवदुर्विलास), त्यात सुटे कागद म्हणजे हिशेबाची वही नव्हे, असे स्पष्ट सांगितले आहे. आमच्या किती दुकानांतून उधारीची चिठ्ठी खिळ्याला टोचून ठेवण्याची चाल आहे, हे वाचकांनी स्वतःशीच आठवावे.

पण अण्णांचे खरे नुकसान सहीपेक्षा दिवसांच्या हिशेबाने झाले. विकलेल्या मालाच्या किंमतीसाठी दावा लावण्याची मुदत, १९६३ च्या मुदतीच्या कायद्यान्वये, तीन वर्षांची. उधारीची ठराविक मुदत ठरलेली नसेल तर ती माल दिल्या दिवसापासून मोजावयाची. कोणा जाणत्याने २०२३ साली त्यांस सांगितले की २०२२ च्या जूनमध्येच तुमची मुदत संपली, आता नाद सोडा. आणि त्यांनी तो सोडला. वस्तुतः ते चूक होते. महामारीच्या काळातील १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सर्व अवधी मुदतीच्या गणनेतून वगळावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होता. जून २०१९ पासून मार्च २०२० पर्यंत नऊ महिने खर्ची पडले होते. उरलेली सव्वादोन वर्षे १ मार्च २०२२ पासून पुढे मोजली असता २०२४ च्या मे-जूनपर्यंत दावा जिवंत होता. ज्या दिवशी त्यांस तो मेला म्हणून सांगण्यात आले, त्या दिवशी त्यात वर्षभराचा तरी प्राण शिल्लक होता. ते आमचेकडे आले दिवाळीनंतर. पाच महिने उशिरा.

आणखी एक आशा आम्ही चाचपून पाहिली. मधल्या काळात, २०२२ च्या दसऱ्यास, कंत्राटदाराने ५,००० रुपये रोख आणून दिले होते. अंशतः फेड झाली की त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते, हे खरे. परंतु कायद्याचे कलम १९ असे म्हणते की त्या फेडीची नोंद देणेदाराच्या स्वतःच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लेखात असली पाहिजे. येथे जमेची ओळ होती ती अण्णांच्या सुंदर अक्षरात. तेच ५,००० रुपये त्याने आपल्या सहीच्या धनादेशाने दिले असते, किंवा चोपड्यात "रुपये पाच हजार दिले" एवढे लिहून खाली नाव घातले असते, तर संपूर्ण येणे २०२५ च्या दसऱ्यापर्यंत सुरक्षित होते. दर दिवाळीस चोपडापूजनाचे वेळी बाकी काढून तीखाली गिऱ्हाइकाची तारखेसह सही घेण्याची चाल जुन्या पेढ्यांतून होती. कलम १८ मध्ये ज्यास ऋणाची लेखी कबुली म्हटले आहे, ती हीच. अट एकच की ती मूळ मुदत संपण्यापूर्वी घेतलेली असावी. आपल्या पूर्वजांनी हे कोणत्या वकिलास विचारून केले असेल असे आम्हास वाटत नाही.

मुदत गेल्यावरही एक वाट उरते, व ती अण्णांच्या थोडीफार उपयोगी पडली. कराराच्या १८७२ च्या कायद्यातील कलम २५ असे मानते की मुदतबाह्य झालेले देणे फेडण्याचे लेखी व सहीचे वचन हा वैध करार होय. ऋण मरत नाही, ते वसूल करण्याचा न्यायालयीन उपाय तेवढा मरतो. आम्ही त्यांस नोटीस न पाठविता स्वतः भेटावयास सांगितले. कंत्राटदार भला निघाला. त्याने ४०,००० रुपयांचे लेखी वचन सहीनिशी दिले. उरलेल्या अर्ध्यावर अण्णांनी पाणी सोडले.

धनादेशाविषयीही येथेच दोन शब्द सांगून टाकतो, कारण हल्ली दर महिन्यास कोणी ना कोणी परत आलेला धनादेश घेऊन येतो. परतीची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे; नोटीस पोचल्यावर देणेदारास पंधरा दिवस; ते उलटल्यावर एक महिन्याचे आत फौजदारी तक्रार. "देतो, देतो, पुन्हा भरून पाहा" या गोड बोलण्यात पहिले तीस दिवस निघून जातात. धनादेशाची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरून नवी संधी मिळते, नसेल तर फौजदारीचा मार्ग बंद. मग दिवाणी दावाच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. कुळगीसारख्या गावी येणे वसूल होईना की गिऱ्हाईक जमिनीचा कागद पुढे करते. "शेठ, एवढा कागद ठेवा." हा कागद काय आहे ते नीट पाहिल्याविना पेटीत ठेवू नये.

हा मुलूख पूर्वी मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो तत्कालीन म्हैसूर राज्यात आला. सुपे हे तालुक्याचे जुने गाव काळीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. यास्तव आमच्या लोकांच्या पेट्यांतून तीन प्रकारचे कागद सापडतात: वाडवडिलांचे मराठी-मोडी लेख, मुंबई राज्याच्या अमदानीतील उतारे, आणि आजची कानडी पहाणी. पुष्कळांस मराठी वाचता येते, कानडी बोलता येते, पण कानडी वाचता येत नाही. त्यामुळे ज्या कागदावर घर उभे असते तोच कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. तीन रकान्यांकडे तरी लक्ष असावे. नवव्या रकान्यात मालकाचे नाव, अकराव्यात कर्जबोजा व इतर हक्क, बाराव्यात कसणाऱ्याचे नाव व पीक. मालकाचे नाव पाहून समाधान मानणारे व अकराव्या रकान्यातील बँकेचा बोजा न पाहणारे बंधू आम्ही पाहिले आहेत. गावठाणातील घराची गोष्ट निराळी. त्याची पहाणी नसते. ग्रामपंचायतीचा नमुना ९ व नमुना ११ हेच त्याचे कागद, आणि तेही आता संगणकावरून निघतात.

आणि मग रानाचा कागद. दांडेलीचे अभयारण्य १९५६ सालचे, अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला व २०१५ साली त्यास काळीचे नाव मिळाले. या रानात कुणबी, गवळी व सिद्दी लोक पिढ्यान् पिढ्या राहतात व तेच आमच्या दुकानांचे जुने गिऱ्हाईक. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, हक्क मान्य होतो. दावा प्रथम ग्रामसभेपुढे, नंतर उपविभागीय समितीकडे, शेवटी जिल्हा समितीकडे. अनुसूचित जमातीबाहेरील मनुष्यास त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. पुष्कळ दावे याच अटीवर अडतात. २०१९ च्या १३ फेब्रुवारीस सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दाव्यांच्या लोकांना हटविण्याविषयी आदेश दिला व २८ फेब्रुवारीस तो स्थगित केला, तेव्हा पंधरा दिवस या वाड्यांवर काय अवस्था झाली असेल, याची कल्पना दुकानात बसणाऱ्यास सहज यावी.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने यातील मर्म असे की असे हक्कपत्र वारसाहक्काने पुढे जाते, परंतु विकता येत नाही वा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. विवाहिताचे बाबतीत ते पतिपत्नी दोघांच्या नावे असते. म्हणजे उधारीपोटी असले पत्र ठेवून घेणाऱ्या शेठजीच्या हाती काहीही येत नाही. गरीबाचा आधार मात्र त्याच्या घरून निघून शेठजीच्या पेटीत अडकून पडतो. अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनींविषयी कर्नाटकाचा १९७८ चा निराळा कायदा आहे. सरकारच्या परवानगीवाचून झालेली अशा जमिनीची खरेदी रद्द होऊन ती मूळ धारकास वा त्याच्या वारसांस परत जाऊ शकते. २०२३ च्या दुरुस्तीने त्यास मुदतीचा अडसरही ठेवलेला नाही. ज्यांनी हे कागद घेऊन ठेवले असतील त्यांनी ते आजच परत करावेत असे आमचे स्पष्ट मत आहे. व्याजाचा व्यवहार करणाऱ्यांस तर सावकारीचा परवाना हवाच, आणि २०२५ साली कर्नाटकाने सक्तीच्या वसुलीविरुद्ध नवा कडक कायदा केल्यापासून या बाबतीत हयगय परवडणारी नाही.

तत्त्वार्थसूत्रात सत्य व अचौर्य या अणुव्रतांचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, न्यासापहार, हीनाधिक मानोन्मान ही नावे आपण लहानपणापासून पाठशाळेत ऐकत आलो. खोटा लेख, ठेवीचा अपहार, खोटे माप. तेथेच विरुद्धराज्यातिक्रम हाही एक अतिचार आहे व पुष्कळ टीकाकार त्याचा अर्थ राज्याचे नियम मोडून केलेला व्यवहार असा करतात. इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी शिक्का मारून घेण्याचा कंटाळा करणाऱ्या एका बंधूस आम्ही हे ऐकविले, तेव्हा त्यांनी काटा त्याच आठवड्यात पासिंगला नेला. दंडाच्या भीतीने ते गेले की व्रताच्या, हे आम्ही विचारले नाही.

अण्णांच्या घराची गोष्ट राहिली. येण्याचा प्रश्न अर्धामुर्धा सुटल्यावर त्यांनी दुसरी पिशवी उघडली. दुकानाच्या मागील जागेत दोन खोल्या बांधून पर्यटकांस उतरावयास द्याव्यात असा त्यांच्या मुलाचा बेत होता. कुळगीस वनखात्याचा निसर्ग-निवास आहे, शनिवार-रविवारी मोटारी येतात. बेत वाईट नव्हता. बँकेने कागद मागितले. जागेच्या कागदावर नाव निघाले अण्णांच्या वडिलांचे. ते वारले १९८८ साली. छत्तीस वर्षांत वारसांची नावे लावून घेण्यास कोणास सवड झाली नव्हती.

"वडिलांनंतर आम्ही दोघे भाऊ," अण्णा म्हणाले.

"आणि बहिणी?"

"तिघी. त्यांची लग्ने थाटाने करून दिली आहेत."

आपल्या समाजात हा समज इतका दृढ आहे की तो खोडून काढताना आम्हासही संकोच होतो. ही जागा वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेली होती. मृत्युपत्र केलेले नव्हते. अशा मिळकतीत १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास मृताची आई, हे सारे प्रथम वर्गाचे वारस समान वाट्याने येतात. लग्नात काय दिले याचा त्याशी काही संबंध नाही. बहिणींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला असे लोक बोलतात ते वडिलोपार्जित सहदायकी मिळकतीपुरते खरे. त्यातही कर्नाटकाने १९९४ सालीच मुलींना तो दिला होता, मात्र आधी विवाह झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने तो भेद गेला, आणि त्या दिवशी पिता हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरविले. अण्णांच्या बहिणींचा वाटा मात्र १९८८ पासूनच, वडिलांच्या मृत्यूच्या क्षणापासून, उभा होता.

येथे कोणी वाचक विचारील की आपण जैन, आपल्याला हिंदू कायदा कसा? २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाल्यापासून हा प्रश्न आम्हास वारंवार ऐकू येतो. विवाह व वारसा यांच्या हिंदू कायद्यांत बौद्ध, जैन व शीख यांचा नामनिर्देशाने समावेश आहे व २०१४ च्या अधिसूचनेने त्यात अक्षराचाही बदल झालेला नाही. इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत एका जैन दांपत्यास हिंदू विवाह कायद्याचे द्वार बंद केले होते. मार्च महिन्यातच मध्यप्रदेश उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. धर्म स्वतंत्र, कुलाचार स्वतंत्र, पण वारसाचा कायदा तोच.

अण्णांनी कोऱ्या मुद्रांकावर बहिणींच्या सह्या घेऊन आणण्याची तयारी दाखविली. आम्ही त्यांस थांबविले. स्थावरावरील हक्क सोडावयाचा तर हक्कसोडपत्र नोंदविलेले असले पाहिजे. चार महिन्यांचे आत ते निबंधकापुढे न्यावे लागते. बिननोंदणीचा कागद बँक मानीत नाही, न्यायालयही मानीत नाही. आणि कोऱ्या कागदावरील सही ही तर कूटलेखक्रियेची पहिली पायरी. तुम्ही बहिणींना खरे काय ते सांगा, त्यांचा वाटा किती होतो ते सांगा, मग त्या काय म्हणतात ते ऐका, असे आम्ही सुचविले. आई मागाहून वारली होती, तिचा वाटाही पाचही मुलांत वाटला गेला होता. म्हणून हिशेब सरळ होता, प्रत्येकी एक पंचमांश.

दोघी बहिणींनी आनंदाने हक्क सोडला. तिसरी, मधली, निपाणीकडे दिलेली व आता विधवा, तिने नकार दिला. अण्णा आमच्यापुढे डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "ताई असे करील असे वाटले नव्हते." आम्हास मात्र ताईंचे काही चुकले असे वाटेना, व आम्ही ते त्यांस सांगितलेही. ज्या बाईस स्वतःचे छप्पर नाही, तिने बापाच्या घरातला आपला पाचवा हिस्सा मागितला तर तो थाटाच्या लग्नाने फिटतो काय?

याच वेळी आणखी एक गोष्ट उघडकीस आली. दोघा भावांची दुकानाची भागीदारी तोंडी होती. तिची नोंदणी नव्हती. नोंदणी नसलेल्या भागीदारी पेढीस, १९३२ च्या कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे, तिऱ्हाइताविरुद्ध येण्याचा दावाच लावता येत नाही. म्हणजे कंत्राटदाराविरुद्ध २०२४ च्या मे महिन्यात ते धावत आले असते तरी आधी नोंदणी करूनच दावा लावावा लागला असता. शिवाय दोनच भागीदार असलेली पेढी एकाच्या मृत्यूने संपते. धाकटे बंधू पासष्टीचे आहेत. भागीदारीचा लेख आता लिहून नोंदविला आहे.

मृत्युपत्राचा विषय काढताच अण्णा उठून उभे राहिले. जिवंतपणी मरणाचे बोलणे त्यांस अशुभ वाटले. संलेखनेचा आदर्श मानणाऱ्या समाजाने मृत्युपत्रास भ्यावे ही आम्हास नेहमीच नवलाची गोष्ट वाटत आली आहे. दोन साक्षीदारांसमक्ष सही, साक्षीदारांच्या सह्या, बस्स. नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरी. साक्षीदार वयाने लहान असावेत, नाहीतर पुढे सिद्ध करावयाच्या वेळी तेच नसतात. बँकेत नामनिर्देशन केले आहे म्हणून मृत्युपत्र नको, असे समजू नये; नामनिर्देशित मनुष्य पैसा स्वीकारणारा असतो, मालक वारसच. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी हेच सांगितले.

ताईंचे प्रकरण न्यायालयात गेले नाही. दावा लावण्यापूर्वीच तालुका विधी सेवा समितीपुढे ते नेता येते व तेथे फी पडत नाही, स्त्रीस तर उत्पन्नाचा विचार न करता वकीलही मोफत मिळतो, हे आम्ही उभयपक्षांस सांगितले. लोकअदालतीत झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते व तीवर अपील नसते. कारवारास वा धारवाडच्या खंडपीठापर्यंत हेलपाटे घालण्याचे कारण उरत नाही. तेथे ठरले ते असे: मागील दोन खोल्यांपैकी एक ताईंच्या नावे, तिचे भाडे त्यांना, त्यांच्या पश्चात विकावयाची झाल्यास प्रथम भावांच्या मुलांना विचारावे. पर्यटकांची सोय करण्यापूर्वी जागेचा बिगरशेती वापर, पंचायतीची व पर्यटन खात्याची परवानगी आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीचे नियम हे सारे पाहावे लागणार आहे; त्याचे कागद मुलगा गोळा करीत आहे. ताई गेल्या चातुर्मासापासून तेथेच राहावयास आल्या असून दुकानाचे चोपडे आता त्या लिहितात. प्रत्येक बाकीखाली गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय त्या पान उलटत नाहीत, अशी अण्णांची तक्रार आहे.